मी पुसलेला आवाज

या रे, या पोरांनो. पण त्या काचेला नाकं लावू नका, डाग पडले की चौकीदार माझ्याकडे बघून कुरकुरतो, जसं काही मीच तुम्हाला बोलावलं. बसा तिथंच फरशीवर. तुमच्या मॅडमना पुढच्या खोल्या दाखवायची घाई झालीय. त्यांना म्हणावं, मॅडम, तुम्हीपण टेका जरा. एक गोष्ट सांगतो. खरी आहे, आणि माझ्या हातून घडलेली आहे. मला हात नाहीत ते सोडा.

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो. घरात गाणी लावायचा तसला नाही हं. मी शूटिंगचा. लोखंडी पेटी, खांद्याला अडकवायचा पट्टा, पोटात बारा जाडजूड सेल आणि डोक्यावर दोन चाकं. एका चाकावरची तपकिरी फीत सुटते आणि दुसऱ्या चाकावर गुंडाळली जाते. जाता जाता ती माझ्या तीन डोक्यांना घासून जाते. हो, तीन डोकी. हसा, हसा. पहिलं डोकं पुसतं, दुसरं लिहितं, तिसरं वाचतं. नवा आवाज लिहायचा असेल तर फितीवर आधी जे काही असेल ते पुसूनच पुढं जावं लागतं. माझा घाटच तसा. मला कुणी विचारलं नव्हतं.

कारखान्यात एका बाईनं बारीक चिमट्यानं माझी डोकी बसवली. मग माइक तोंडाशी धरून ती म्हणाली, "एक, दोन, तीन, ऐकू येतंय का रे बाळा?" माझ्या आयुष्यातला तो पहिला आवाज. माणसं पहिला शब्द बोलतात, मी ऐकला.

आता मी इथं कसा आलो ते ऐका. तेव्हा सिनेमे म्हटलं की ते मोठ्या शहरात, मोठ्या भाषेत निघायचे. इथली माणसं तेच बघायची, त्यातलीच गाणी म्हणायची. आपल्या बोलण्यात सिनेमा काढायचा म्हटलं तर लोक म्हणायचे, "वेडा आहेस का? बघणार कोण?" मग सरकारनं एक योजना आणली. इथल्या भाषेत, इथल्या माणसांना घेऊन जो सिनेमा किंवा टीव्हीची मालिका काढेल, त्याच्या खर्चाचा वाटा सरकार उचलेल. मी खोटं बोलणार नाही, योजना फार चांगली होती. मी स्वतः तिच्याच पैशातून आलो. पहिल्या वर्षी तीन रेकॉर्डर घेतले, त्यातला मी एक. मला कोठारातून उचलून एका माणसाच्या खांद्यावर दिलं आणि पुढची बावीस वर्षं मी त्या खांद्यावरच राहिलो.

त्याला सगळे श्शूमामा म्हणायचे. ध्वनिमुद्रक होता. शूटिंगच्या जागेवर पाऊल टाकलं की पहिलं काम "श्शू!" कुणाच्या खिशातल्या किल्ल्या काढून घे, कुणाचे करकरणारे बूट उतरव, लांब कुठं पाण्याचा पंप चालला असेल तर पळत जाऊन बंद करायला लाव. एकदा त्यानं एका बड्या नटाला पोट गुरगुरतंय म्हणून जेवून यायला पाठवलं होतं. सगळे चिडायचे, पण रात्रीच्या गडबडीतही त्यानं घेतलेला आवाज असा यायचा की बोलणारा माणूस तुमच्या शेजारीच बसलाय. लोक मला थोपटायचे. "काय मशीन आहे!" म्हणायचे. मी फुगायचो. खरी कमाल मामाच्या कानांची होती, पण मी कशाला सांगतोय?

मग झालं काय, की दोन-तीन लबाड निर्मात्यांनी योजनेचे पैसे उचलले आणि असले सिनेमे आणून दिले की त्यात नुसता वारा ऐकू यायचा. माणसं तोंडं हलवतायत आणि मागं भुर्रर्र. समिती वैतागली. त्यांनी नियम केला. प्रत्येक सिनेमाला गुण द्यायचे, शंभरपैकी साठ पडले तरच शिक्का. आणि आवाज मान्यताप्राप्त स्टुडिओत पुन्हा भरलेला असेल तर दहा गुण, जागेवरचा असेल तर शून्य. नियम वाईट माणसानं केला नव्हता. पण त्यानं मामासारख्या माणसाचा विचारही केला नव्हता.

तेव्हाच आम्ही फाटकाचा सिनेमा करत होतो.

सिनेमा काढणारी एक ताई होती. बारीक, चिवट, बोलताना केसांत पेन्सिल खोचून ती शोधत बसणारी. तिला गावाबाहेरच्या रेल्वेच्या फाटकावर सिनेमा करायचा होता. तिथं पूल होणार होता आणि फाटक बंद होणार होतं. फाटकवाल्याच्या कामाला नट आणायचा होता, पण तिनं खऱ्या फाटकवाल्या आजोबांनाच उभं केलं. चाळीस वर्षं त्यांनी ते फाटक वर-खाली केलेलं. वाळकी काठी, खाकी शर्ट, आणि पुढचा एक दात नाही. त्यामुळं 'स' म्हणाले की बारीक शीळ यायची.

पहिल्याच दिवशी मामानं त्यांना "श्शू" केलं. आजोबा कमरेवर हात ठेवून उभे.

"मी आख्खी गाडी थांबवतो, आणि तू मला थांबवतोस?"

"आजोबा, गाडीला माइक लावलेला नसतो."

"मग लाव. तिलापण कळू दे, तुझ्यापुढं बोलायची चोरी आहे ते."

झालं, दोघांची गट्टी जमली. अकरा दिवस शूटिंग चाललं. सिनेमाच्या शेवटी आजोबा शेवटचं फाटक लावतात आणि पुढच्या स्टेशनाला फोन करतात. "फाटक बंद. माणसं सगळी पलीकडे. सोड गाडी." एवढंच. शॉट संपला. मामानं हेडफोन काढला नाही, कितीतरी वेळ.

दुपारच्या सुट्टीत ते दोघं केबिनच्या सावलीत बसायचे. एक दिवस आजोबा लेकीचं सांगायला लागले आणि मामानं मला हळूच चालू केलं. त्याची सवयच ती, चांगलं काही कानावर पडलं की बोट बटणावर.

"लेक माझी दूर असते. शिवणाचं दुकान आहे तिचं," आजोबा म्हणाले. "लहानपणी झोपायचीच नाही. आई नव्हती तिला. मग मी काय करायचो, गाडीत बसलोय असं समजून स्टेशनं म्हणायचो. खरी नावं नाही, मी ठेवलेली. पहिलं चहा-गार. मग मास्तर-झोपला. मग पूल-आला. मग उतरलं-कोणी-नाही…" असं करत त्यांनी आख्खी यादी म्हटली, अगदी शेवटच्या स्टेशनापर्यंत. आणि हसून म्हणाले, "तिला हे शेवटचं अजून माहीत नाही. तिथवर कधी जागीच राहिली नाही ना."

त्या हिवाळ्यात आजोबा गेले. फाटक बंद झाल्यावर तीन महिन्यांनी.

सिनेमा पुरा झाला, ताईनं तो योजनेच्या कार्यालयात दिला. निकाल घ्यायला ती, मामा आणि मामाच्या खांद्यावर मी, असे तिघं गेलो. खालच्या मजल्यावर जाड चष्म्याचे एक साहेब बसायचे. सज्जन माणूस. त्यांनी आम्हाला पाणी दिलं आणि मान खाली घातली.

"बावन्न," ते म्हणाले.

ताई म्हणाली, "बावन्न कसे? तुम्ही पाहिलात का सिनेमा?"

"पाहिला. डोळे भरून आले माझे, खोटं कशाला बोलू? पण ताई, डोळे भरून आल्याचा रकाना नाही हो इथं." त्यांनी फॉर्म तिच्याकडे फिरवला. "हे बघा. आवाज, जागेवर घेतलेला. शून्य. स्टुडिओत भरून आणा, दहा मिळतील. बासष्ट होतात."

"अहो, ते आजोबा वारले. त्यांना आणू कुठून स्टुडिओत?"

"दुसऱ्याच्या आवाजात भरा. रेडिओवर चांगले चांगले निवेदक आहेत. पंधरा दिवसांची मुदत मी देऊ शकतो. त्याच्या पुढं माझ्या हातात नाही."

मामानं फॉर्मवर बोट ठेवलं. तो म्हणाला, "साहेब, योजना इथल्या भाषेसाठी आहे ना? मग हे आजोबा बोलत होते ती कुठली?"

साहेब चष्मा काढून पुसत बसले.

बाहेर पायऱ्यांवर ताई खाली बसली. योजनेचा शिक्का नसेल तर आपल्या भाषेतला सिनेमा एकही थिएटरवाला लावायचा नाही. दोन वर्षांचं काम डब्यात बंद राहणार होतं, आणि त्यात आजोबाही. ती म्हणाली, "मामा, आवाज गेला तर जाऊ दे. निदान चेहरा तरी लोकांना दिसेल." मामा दगडावर नखानं ओरखडे काढत राहिला. शेवटी म्हणाला, "चल. करू."

आता गंमत ऐका. मान्यताप्राप्त स्टुडिओत गेलो, तर त्यांचं स्वतःचं मशीन वर्षभर दुरुस्तीला पडलेलं. खोली त्यांची, शिक्का त्यांचा, आवाज घ्यायला पुन्हा मीच! म्हणजे मी फाटकावर घेतलं तर शून्य, आणि गादी लावलेल्या खोलीत घेतलं तर दहा.

पण नवी फीत कुठंच मिळेना. मागवली तर तीन महिने. मुदत पंधरा दिवस. मामानं खूप फोन केले, मग कपाटातून फाटकाच्या सिनेमाचे चौदा डबे काढले. जुन्या फितीवर नवं भरायचं, ही आमच्या धंद्यातली रोजची रीत. सिनेमा जोडताना मूळ फितीवरून आवाजाची एक कॉपी करतात समितीला सिनेमा दाखवतात तोही तिच्यावरूनच, आणि ती कॉपी संकलन करणाऱ्या काकूकडे असते. मामा स्वतःशीच म्हणाला, "कॉपी काकूकडे आहेच." आणि पहिली फीत त्यानं माझ्यावर चढवली.

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. येत असतं तर मी तेव्हा ओरडलो असतो. समोर रेडिओवाले निवेदक उभे, भारदस्त, घसा साफ करतायत. मामानं बटण दाबलं. चाकं फिरली. आणि फाटक, सावली, ती दुपार, तो शीळ घालणारा 'स', सगळं एकेक करून माझ्या पहिल्या डोक्याखालून जायला लागलं. गेलं ते माझ्यातूनही गेलं. मघाशी मी तुम्हाला आजोबांचं जे बोलणं सांगितलं ना, ते मी मागाहून मामाच्या तोंडून पुन्हा ऐकलेलं आहे. माझं स्वतःचं काहीच उरलं नाही. दोन दिवसांत चौदा डबे झाले. निवेदक जाताना मला थोपटून म्हणाले, "छान मशीन आहे."

आवाजाला दहापैकी दहा. सिनेमा पास. साहेब स्वतः दारापर्यंत सोडायला आले.

पहिल्या खेळाला ताईनं आजोबांच्या लेकीला बोलावलं. ती आदल्या दिवशीच निघून आलेली. तिशीची, बोटांना सुईचे घट्टे, हातात एक कापडी पिशवी. मामाच्या शेजारच्या खुर्चीत बसली. मी मामाच्या पायाशी. खेळ सुरू व्हायच्या आधी ती मामाला म्हणाली, "बाबांचा एकच फोटो आहे आमच्याकडे, तोही हललेला. म्हटलं, निदान आज ऐकायला तरी मिळतील."

मामानं ताई कुठं बसलीय ते शोधलं. त्याला वाटलं होतं, ताईनं हिला सांगितलं असेल. ताईला वाटलं होतं, मामा सांगेल.

पडद्यावर आजोबा आले. काठी टेकत, खाकी शर्ट. लेक पुढं सरकली. आजोबांनी तोंड उघडलं आणि त्यातून तो रेडिओवाला जाड, गोल आवाज आला.

ती पहिल्यांदा मागं वळून बघायला लागली. तिला वाटलं, मागून कोणीतरी बोललं. मग पुन्हा पडद्याकडे बघितलं. मग मामाकडे.

"हे कोण बोलतंय?"

"श्शू," मागचा कोणीतरी म्हणाला.

तिनं पिशवी छातीशी धरली आणि शेवटपर्यंत तशीच बसली. शेवटचा फोन झाला, "सोड गाडी" झालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. काहीजण उठून उभे राहिले. एक गृहस्थ म्हणाले, "आवाज काय खणखणीत आहे म्हाताऱ्याचा!" ती उठली नाही.

बाहेर आल्यावर मामानं तिला सगळं सांगितलं. नियम, गुण, स्टुडिओ, सगळं. तिनं शांतपणे ऐकलं. म्हणाली, "बरं. सिनेमा लागला, चांगलं झालं. पण खरा आवाज असेल ना तुमच्याकडे?"

"आहे तर! काकूकडे कॉपी आहे. उद्या सकाळी या, पाहिजे तेवढं ऐका." मामा इतका खुश झाला की त्यानं माझा पट्टा दोनदा खांद्यावर नीट केला.

सकाळी आम्ही काकूच्या खोलीत गेलो. काकू म्हणजे दणकट बाई, गळ्यात फितीचे तुकडे, तोंडात टाचणी.

"काय रे, आज मशीन फिरायला आणलंस?"

"काकू, फाटकाची जुनी कॉपी काढ. या आजोबांच्या लेक आहेत."

"कुठली जुनी?"

"मूळ आवाजाची गं."

"ती मी लॅबला परत दिली. भाड्याची होती ती फीत. आवाज नवा होणार म्हटल्यावर ठेवून काय करू? मूळ तुझ्याकडे आहे ना." काकूनं तोंडातली टाचणी काढली. "आहे ना रे?"

मामा खाली बसला. खुर्ची होती म्हणून खुर्चीवर, नाहीतर फरशीवर बसला असता.

"मला वाटलं, कॉपी तुझ्याकडे आहे."

"मला वाटलं, मूळ तुझ्याकडे."

काकूनं धावत जाऊन लॅबला फोन लावला. आम्हाला तिचं बोलणं ऐकू येत होतं. "हो, फाटकाची… कधी?… काय भरलं?" परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला. "तिच्यावर कुठल्याशा मालिकेचं हसणं भरलंय," ती म्हणाली. "नुसतं हसणं. विनोदाच्या मागं लावतात ते."

मामा म्हणाला, "बाई, माझी चूक आहे. मला मारा, काही करा." लेकीनं मान हलवली.

"मी शिवणकाम करते. एकदा कापलं की कापलं, मला कळतं ते." मग मामाकडे वळून म्हणाली, "पण तुम्ही तर ऐकलंय ना? कानाला लावून? अकरा दिवस?"

"ऐकलंय."

"मग सांगा. कसं बोलले?"

आणि मामा सांगायला लागला. गाडी थांबवण्याचं सांगितलं, तेव्हा ती हसली. मग त्यानं 'स'ची शीळ करून दाखवली. ती म्हणाली, "नाही, इतकी लांब नाही. आत ओढून घ्यायचे ते." त्यानं पुन्हा केली. पुन्हा नाही. पन्नाशीचा तो माणूस ओठ वाकडे करून शीळ घालतोय आणि ती डोळे मिटून मान हलवतेय, नाही, नाही. काकू खिडकीकडे तोंड करून उभी.

मग मामानं स्टेशनांचं सांगितलं. चहा-गार म्हटल्याबरोबर ती दचकली.

"हे तुम्हाला म्हणून दाखवलं बाबांनी?"

"सगळं. अगदी शेवटपर्यंत."

ते दोघं मिळून म्हणायला लागले. मास्तर-झोपला. पूल-आला. उतरलं-कोणी-नाही. कुठं मामा अडला तर ती सांगायची, कुठं ती अडली तर मामा. बरीच पुढं गेली यादी. मग ती थांबली. "इथवरच येतं मला. पुढं मी झोपायची. पुढचं काय?"

मामानं कपाळ दाबून धरलं. त्या दुपारी त्यानं ते ऐकलं होतं, माझ्यातूनच ऐकलं होतं, आणि फितीवर आहे म्हणून लक्षात ठेवलं नव्हतं. कानाचा एवढा पक्का माणूस. त्याला आठवेना.

"नाही येत," तो म्हणाला. "बाई, नाही येत हो."

तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खरं म्हणजे त्यानं तिचं सांत्वन करायला हवं होतं. मग ती आपल्या गाडीला गेली.

मामानं त्यानंतर मला कधी खांद्यावर घेतलं नाही. आठवड्यानं मला पुसून, सेल काढून, सरकारी कोठारात परत दिलं. सही करताना कारकून म्हणाला, "अहो मामा, चांगला चालतोय की हा!" मामा म्हणाला, "म्हणूनच देतोय." कोठारात मी सात वर्षं धूळ खाल्ली. मग योजनेच्या कार्यालयाच्याच इमारतीत हे प्रदर्शन झालं आणि मला या काचेत ठेवलं. खाली पाटी आहे बघा, वाचा मोठ्यानं. 'आवाजासाठी पूर्ण गुण मिळवणारा पहिला सिनेमा या यंत्रावर मुद्रित झाला.' रोज लोक वाचतात आणि माना डोलावतात.

वरच्या मजल्यावर ती समिती अजून बसते, मित्रांनो. आता फीत नाही, चाकं नाहीत, पुसायला डोकंही लागत नाही, बोट लावलं की झालं. फॉर्म मात्र तोच आहे, थोडा लांबलाय एवढंच. सिनेमा निघतात, मालिका निघतात, भाषा जगली म्हणून भाषणं होतात. मला वाईट वाटत नाही त्याचं. सिनेमे निघायलाच हवेत.

पण तुमच्यातलं कोणीतरी मोठं होईल आणि त्या वरच्या टेबलामागं जाऊन बसेल. बसणारच. इथं दरवर्षी इतकी पोरं येतात, एखादा तरी बसणारच. तेव्हा तुमच्यासमोर तो फॉर्म येईल. त्यात एक ओळ वाढवा. गुण नकोत तिला, काही नको. नुसतं विचारायचं, 'मूळ आवाज कुठं ठेवला आहे?' आणि समोरचा म्हणाला, "असेल हो, त्यांच्याकडे असेल," तर सही करू नका. त्याला म्हणा, आधी जाऊन बघून या. एवढं करा पोरांनो, माझ्यासाठी.